विणकरांच्या ओळीत खलबत्ता

ओल्या दगडाला एक वास असतो. आपल्याकडे तो श्रावणात येतो आणि आश्विनाच्या उन्हाबरोबर निघून जातो. लेकीच्या त्या गावात तो बाराही महिने घरातच असतो, चार दिवसांसाठी येऊन ठाण मांडून बसलेल्या पाहुण्यासारखा. उशीत असतो, टॉवेलात असतो, कपाटातल्या लोकरी कपड्यांच्या घड्यांत असतो. परवा कळंब्याच्या तळ्याकाठून फिरून येताना अवकाळी सर आली, कडेच्या काळ्या दगडांवरून वाफ उठली, आणि तो वास नाकात शिरताच माझ्या कपाळावर आठी उमटली. नको असलेल्या गोष्टी आधी नाकालाच आठवतात.

घरी आले तर भिंतीवर तेच. माझ्या मुलीनं, शर्वरीनं, तिकडून पाठवलेली दिनदर्शिका दिवाणखान्यात टांगलेली आहे आणि तिच्यावर बारा महिने एकच चित्र आहे: इंग्लंडच्या उत्तरेकडच्या तिच्या गावातली ती प्रसिद्ध ओळ. चढणीवर एकमेकींना खांदे लावून उभी असलेली दगडी घरं, जुन्या धुरानं काळवंडलेली, कडांना मधासारखी पिवळसर. वर दगडी फरश्यांची उतरती छपरं. आणि माडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लहान लहान तावदानांच्या खिडक्यांची सलग रांग. येणारं प्रत्येक माणूस तिच्यापुढे थबकतं. माझी धाकटी जाऊ मालन तर हात जोडायचीच बाकी राहिली होती. "आक्का, हितं ऱ्हाऊन आलीस व्हय तू? सोरगच की गं हे!"

"व्हय, सोरगच," मी म्हटलं. "तितं बी मोठ्यानं बोलायचं न्हाय."

मला ती घरं आवडली नाहीत, हे आधीच सांगून टाकते. आवडायला हवी होती. गारगोटीच्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. परंपरा, वारसा, प्राचीन शिल्प असल्या शब्दांवर पोरांकडून ढीगभर निबंध लिहवून घेतले. जुन्या दगडापुढे नम्र व्हावं, असं मीच त्यांना सांगत आले. पण नम्र व्हायलाही दगडानं थोडी जागा द्यावी लागते, आणि त्या ओळीतल्या दगडांनी माझ्यासाठी तसूभरही जागा केली नाही.

शर्वरीच्या बाळंतपणासाठी मी गेले ते माघात. तिथला माघ म्हणजे उजेडाचा दुष्काळच. सकाळ व्हायची ती पाण्यात दुधाचे चार थेंब पडावेत तशी. सूर्य टेकडीमागून जरासा डोकावायचा आणि नको ते दिसल्यासारखा परत फिरायचा. झाडांवर पान नव्हतं, रस्त्यात माणूस नव्हतं, छपरांच्या फटींतून तेवढं हिरवंगार शेवाळ माजलेलं होतं. घरात शिरताना मान वाकवावी लागे, जिना इतका अरुंद की ओटीपोट सांभाळत चढणाऱ्या शर्वरीकडे बघून माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. शिवाय नियम. ही ओळ म्हणे सगळ्या देशाची ठेव, म्हणून दाराचा रंग बदलायचा नाही, खिडकी हलवायची नाही, बाहेरच्या दगडात खिळा ठोकायचा नाही. नातवाच्या बारशासाठी मी कोल्हापुरातून मोत्यांचं तोरण नेलं होतं. ते आम्ही दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावलं. तोरण आत आणि पाहुणे बाहेर, असं बारसं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तरी पहिल्या दिवशी एक क्षण असा आला होता, की माझा जीव सुपाएवढा झाला. ओळीच्या सुरुवातीला एक पाटी आहे. ही घरं हातमागावर काम करणाऱ्या विणकरांची, माडीवर त्यांचे माग असत, उजेड भरपूर यावा म्हणून ती खिडक्यांची रांग, असं तिच्यावर लिहिलेलं. मी ती पाटी तशा थंडीत दोनदा वाचली. कारण मीही विणकराचीच लेक आहे. हातमागाच्या नव्हे, पॉवरलूमच्या. पण सूत ते सूत आणि धोटा तो धोटा.

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरमध्ये माझं बालपण गेलं. आमचं घर म्हणजे पत्र्याच्या छपराखालच्या खोल्यांची एक ओळ, आणि तिच्या पाठीला पाठ लावून मागांची शेड. अण्णा त्या शेडमध्ये माग चालवायचे. दिवसरात्र खटाक-खट, खटाक-खट. फळीवरची भांडी त्या तालावर कापत असायची, पाण्याच्या घागरीत वर्तुळं उठायची. वीज गेली आणि आवाज थांबला, की झोपलेली आम्ही पोरं दचकून जागी व्हायचो. त्या खडखडाटात हाक ऐकू जात नसे, म्हणून बायका भिंतीकडून हाक मारायच्या. सकाळी आई लाटण्यानं भिंतीवर एक ठोका द्यायची, पलीकडून हौसाक्काचा ठोका यायचा. हौसाक्का म्हणजे आमची शेजारीण. तिचा नवराही त्याच शेडमध्ये. त्या ठोक्यांचा अर्थ एवढाच: मी आहे, तू आहेस, चूल पेटली आहे. ठोक्याला ठोका देणं हा रिवाज होता आणि न देणं हे भांडणाचं तरी लक्षण, नाहीतर आजारपणाचं. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आई बाजेवर पडल्या पडल्या हात लांबवून भिंत वाजवायची, आणि पलीकडून उत्तर आलं की डोळे मिटून घ्यायची. त्या ठोक्यांच्या सोबतीनं तिचं बाळंतपण पार पडलं.

म्हणून ती पाटी वाचून मला वाटलं, आपण परक्या ठिकाणी आलेलो नाही. ही आपलीच आळी आहे, जरा जास्त थंड. तो भ्रम फार दिवस टिकला नाही.

बाळ झालं. गोरंगोमटं, रागीट, मुठी आवळून आलेलं. मी पदर खोचला. बाळंतिणीला डिंकाचे लाडू हवेत आणि लाडवाला खारीक हवी, आणि खारीक म्हणजे काय चीज आहे हे ती कुटणाऱ्या हातांनाच विचारावं. शर्वरी म्हणाली, "आई, मिक्सर आहे ना." मी मिक्सरला एक संधी दिली. त्याचं पातं वाकलं. मग मी बॅगेच्या तळातून माझा लोखंडी खलबत्ता काढला, जो पाहून विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं मला तीन वेळा नखशिखांत न्याहाळलं होतं. खालचं स्वयंपाकघर अंधारं आणि फरशी बर्फासारखी, म्हणून मी माडीवर, त्या खिडक्यांच्या रांगेखाली, लाकडी जमिनीवर घोंगडी घालून बसले. दिवसभरात जो काही उजेड त्या घरात येत असे तो तिथेच येई. शेजारच्या खोलीत शर्वरी बाळाला घेऊन पडलेली. तुपात फुललेल्या डिंकाचा, भाजलेल्या खोबऱ्याचा, जायफळाचा वास जिन्यानं वर चढत होता, आणि पहिल्यांदाच त्या ओल्या दगडाचा वास मागं हटला होता. मी बत्ता उचलला आणि खारीक कुटू लागले. दणका बसला की लाकडी जमीन हुंकार द्यायची, तुळया थरथरायच्या, तावदानं किणकिणायची. कित्येक वर्षांनी मला घरात बसल्यासारखं वाटलं.

आणि तेवढ्यात भिंतीतून ठोका आला.

शेजारच्या घराची आणि आमची भिंत एकच. तिथं मॉरीन नावाची बाई एकटी राहायची. पांढरे आखूड केस, ताठ मान, बागेत कात्री घेऊन झुडपांना शिस्त लावत असायची. ओळीची देखभाल पाहणाऱ्या मंडळात ती होती, असं शर्वरीनं सांगितलेलं. आजवर तिनं माझ्याकडे बघून हसण्यासारखं काहीतरी केलं होतं, एवढीच आमची ओळख. तिचा ठोका आला आणि मी हातातला बत्ता तसाच धरून ऐकत राहिले. पुन्हा आला, जरा जोरात. विणकरांचीच ही ओळ! रिवाज उरला असणार! मी उठले आणि बत्त्यानं भिंतीला एक सणसणीत उत्तर दिलं. पलीकडे शांतता. मी समाधानानं खाली बसले आणि उरलेली खारीक कुटली.

दुसऱ्या दिवशी तेच. मी कुटायला लागायची, ती ठोका द्यायची, मी उत्तर द्यायची. मला त्या बाईबद्दल माया वाटू लागली. एकटी आहे बिचारी, म्हणायचे, माझी वाट बघत असेल. कधी ती लागोपाठ चार-पाच ठोके द्यायची, तर मी एक जास्तच द्यायची. देण्याघेण्यात आपण कमी पडू नये. शर्वरी पलीकडे गाढ झोपेत असायची, बाळंतिणीच्या त्या जड, तुपकट झोपेत, आणि जावई ऑफिसात. माझ्या आणि त्या भिंतीच्या मध्ये सांगणारं कुणी नव्हतं.

लाडू वळून झाले त्या दुपारी दाराची घंटा वाजली. वरून पाहिलं तर मॉरीनच. मी लगबगीनं ताटलीत पांढऱ्या लुगड्याचा तुकडा अंथरून चांगले पाच लाडू घेतले आणि तो उभा जिना हसत हसत उतरले. शर्वरी दारात उभी होती, बाळाला खांद्यावर घेऊन, आणि सारखी "सॉरी, सॉरी" म्हणत होती. मॉरीन आवाज न चढवता बोलत होती. तिची बोली माझ्या कानांना जड जायची, पण एवढं मला नीट कळलं: आधी तिनं सहन केलं, मग भिंत वाजवून थांबायची विनंती केली, आणि तुमच्या आईनं मला उलट वाजवून दाखवलं, रोज, चिडवल्यासारखं, माझ्या वयाच्या बाईशी असं कुणी वागतं का?

मी ताटली पुढं धरून उभी होते. ती धरलेली ताटली मागं कशी घ्यायची, हे मला सुचेना. मॉरीननं लाडवांकडे पाहिलं, "आभारी आहे, पण नको," म्हणाली आणि दगडी पायऱ्या उतरून गेली.

दार लागलं. शर्वरीचा चेहरा लाल झाला होता. "आई, ती रागावून वाजवत होती! तुला एवढं कळू नये?"

"ठोक्याला ठोका द्यायचा असतोय," मी म्हटलं.

"कुठे असतो? कबनूरला. इथं नाही."

रागावले की माझ्यातली शाळेची बाई गळून पडते आणि कबनूरची पोरगी तोंड उघडते. "घर विणकराचं म्हणून पाटी लावायची, आन् बाळंतिणीची खारीक कुटल्याली खपत न्हाय व्हय? हितं माग चालत हुते तवा काय कापसावर पाय ठिवून चालत हुते? असल्या घरात ऱ्हायचं तरी कशाला?"

शर्वरी मला कधीच उलट बोलणारी नव्हती. त्या दिवशी ती बाळाच्या पाठीवर हात फिरवत अगदी हळू बोलली. "आई, तू एप्रिलमध्ये जाशील. मला इथंच राहायचंय. याला इथंच वाढायचंय."

मग ती माडीवर गेली, एवढ्या ओल्या अंगानं माझा खलबत्ता दोन्ही हातांनी उचलून खाली आणला, आणि जिन्याखालच्या कोनाड्यात, झाडू नि रिकाम्या खोक्यांच्या मागं ठेवून दिला. मी तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्या पोटच्या पोरीनं माझ्या हातातलं काढून घेतलं, आणि ते त्या बाईच्या बाजूनं, ही गोष्ट माझ्या घशात खारकेच्या बीसारखी अडकून राहिली. ती अजून पूर्ण उतरली आहे, असं मी म्हणणार नाही.

उरलेले दिवस आम्ही दोघी पायांचा आवाज न करता जगलो. बाळ रडलं की शर्वरी आधी भिंतीकडे बघायची आणि मग बाळाकडे. हे बघून मला जो संताप यायचा तो कुणावर काढावा कळत नसे, म्हणून मी तो घरावर काढायची. त्या तावदानांना, त्या तुळयांना, त्या कोरड्या सभ्य दगडांना मी मनातल्या मनात कबनूरच्या नळावरच्या सगळ्या शिव्या घातल्या.

फाल्गुनात जरा ऊन पडू लागलं तेव्हा मी बाळाला ढकलगाडीत घालून ओळीसमोरून फिरायची. एका शनिवारी तिथं पर्यटकांचा घोळका उभा होता आणि त्यांच्यापुढे मॉरीन. वरच्या खिडक्यांकडे हात करून ती सांगत होती, की एके काळी या माड्यांवर माग चालत, सगळी ओळ एका तालात वाजत असे, तो आवाज खाली ओढ्यापर्यंत ऐकू जाई. पुढे गिरण्या आल्या, माग गेले, आणि ही ओळ मुकी झाली. मुकी, असाच शब्द तिनं वापरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीच्या दांडीवर मुठी आवळून उभी होते. ओरडून सांगावंसं वाटत होतं: बाई गं, तोच आवाज तर मी तुला फुकट ऐकवत होते! तिनं मला पाहिलं, बाळाला पाहिलं, मान किंचित हलवली, आणि घोळका पुढच्या घराकडे नेला.

एप्रिलमध्ये मी परत आले. कोल्हापूरचं ऊन अंगावर घेतलं, चार दिवस मनसोक्त मोठ्यानं बोलले. मग एकदा कबनूरला जाऊन आले. आमची ओळ राहिलेली नाही. तिथं नवी शेड आहे, नवे माग आहेत, आवाज पूर्वीपेक्षा मोठा आहे. हौसाक्काची चूल जिथं होती तिथं सुताची पोती रचलेली. फाटकावरच्या माणसानं विचारलं, "कोन पायजे, पावनं?" मी म्हटलं, "कोन न्हाय, सहज आलते." त्यांच्याकडे घरं राहिली आणि माग गेले, आमच्याकडे माग राहिले आणि घरं गेली. आमच्याकडे पाटी मात्र कुठेच नाही. ती असावी, असंही मला आता वाटत नाही. पाटी लागली की तिच्याबरोबर पाटी सांभाळणारी माणसं येतात.

हे सगळं मी कुणाला सांगत नाही. दिनदर्शिका भिंतीवर आहे, लोक वाखाणतात, मी चहा टाकते.

पण गेल्या रविवारी शर्वरीचा व्हिडिओ कॉल आला. नातू आता धरून धरून उभा राहतो. ती त्याला माडीवर घेऊन बसली होती. मागं तीच खिडक्यांची रांग, बाहेर तसाच पाणचट उजेड. पोराच्या हातात लाकडी चमचा होता. तो खुर्ची धरत, कपाट धरत त्या सामाईक भिंतीपाशी गेला आणि त्यानं चमच्यानं भिंतीवर एक ठोका दिला. मग थांबला. गाल भिंतीला लावून, तोंड उघडं टाकून, वाट बघत उभा राहिला.

"बघ ना आई," शर्वरी म्हणाली, "हे हल्ली रोज चाललंय. कुठून शिकला कोण जाणे."

एवढ्याशा अर्भकाच्या कानात काय राहतं आणि काय नाही, हे मला माहीत नाही. त्यानं पुन्हा एक ठोका दिला. शर्वरीचा चेहरा बदलला, मान आपसूक भिंतीकडे गेली, आणि चमचा काढून घ्यायला ती पुढं वाकली. तो वाकलेला हात मी ओळखते. त्या हातानं काय काय उचलून नेलंय ते मला ठाऊक आहे.

तेवढ्यात पलीकडून ठोका आला. एकच, कोरडा, स्पष्ट.

रागाचाच असणार. त्या बाईकडून मी दुसरं काही धरून चालत नाही. पण पोराला हे कोण सांगणार? ते खिदळलं, सगळ्या अंगानं नाचलं, आणि चमचा डोक्याच्या वर नेऊन त्यानं दणदणीत उत्तर दिलं. शर्वरीचा हात हवेत तसाच होता. तिनं पडद्यातून माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी भिंतीकडे कान देऊन बसलो, ती तिथं, मी इथं कळंब्यात, आणि मला कितीतरी वेळ वाटलं की आता दाराची घंटा वाजणार.

घंटा वाजली नाही. पोरानं पुन्हा चमचा उचलला. शर्वरीनं हात मागं घेतला.

"आई," ती म्हणाली, "तुझा खलबत्ता आहे अजून. जिन्याखाली."

"तेलाचा हात फिरव त्याला," मी म्हटलं. "तुझ्या घराच्या ओलीनं गंज धरंल."